कृष्णाबाई, श्रीनिवास, रमा : डोंगरे कुटुंबातील अपत्यसंगोपन

पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगताना त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकविले, ही गोष्ट आवर्जून सांगितली जाते. मात्र त्याच घरात एक मुलगा आणि आणखी एक मुलगी वाढत होती, याकडे चरित्रकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. एकाच छपराखाली तीन अपत्यांना काय मिळाले आणि काय नाकारले गेले, हे पाहिल्याशिवाय रमाबाईंच्या पुढील आयुष्याचा उलगडा नीट होत नाही, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

मंगळूर प्रांतातील माळहेरंजी येथील अनंतशास्त्री अध्ययनासाठी पुण्यास आले व रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी राहिले. साठेशास्त्री पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखातील संस्कृत ऐकून या तरुण शिष्याच्या मनाने घेतले, की आपणही पत्नीला शिकवावे. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरातील वडीलधाऱ्यांच्या विरोधामुळे ते साधले नाही. तिच्या निधनानंतर तीर्थयात्रेत असताना गोदातीरी एका गृहस्थाने आपली नऊ वर्षांची कन्या त्यांना दिली. तीच लक्ष्मीबाई. स्त्रीशिक्षणाचा हा पुरस्कर्ता चाळिशी ओलांडल्यावर नऊ वर्षांच्या मुलीशी विवाहबद्ध होतो, हा विरोध त्या काळाचा म्हणून सोडून देता येईल; पण तो नोंदविला पाहिजे. लक्ष्मीबाई शिकल्या, आणि त्याबद्दल अनंतशास्त्र्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे उत्तर द्यावे लागले. पुढे त्यांनी गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आल्यागेल्याच्या आदरातिथ्यात संपत्ती सरली आणि कुटुंब यात्रेला निघाले तेव्हा रमा अवघ्या काही महिन्यांची होती. तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून नेण्यात आले. वडील वृद्ध झाल्यामुळे तिच्या शिक्षणाचा भार आईने उचलला. घरकाम आणि प्रवास सांभाळून ही माता पहाटे लेकीला उठवून पाठ देत असे. ज्या समाजात विद्या पित्याकडून पुत्राकडे जाते, तेथे ती आईकडून लेकीकडे गेली, हे या कुटुंबाचे खरे वेगळेपण होय. श्रीनिवास आणि रमा दोघेही पुराणवाचन करून कुटुंबाच्या चरितार्थास हातभार लावू लागले. अंतर राहिले ते एका जागी. वेदाध्ययनाचा अधिकार स्त्रीला नाही ही मर्यादा अनंतशास्त्र्यांनीही पाळली. रमाबाईंच्या हाती वेद पडला तो पुढे कलकत्त्यात, केशवचंद्र सेन यांनी दिला तेव्हा.

थोरल्या कृष्णाबाईची हकिकत वेगळी आहे. तिचा विवाह रूढीप्रमाणे बालपणीच झाला. मुलाने सासऱ्याच्या घरी राहून शिकावे असे ठरले होते. विवाह होताच वरपक्षाने तो शब्द मोडला. मुलगी विद्वान झाली, मुलगा अशिक्षित राहिला. पुढे कित्येक वर्षांनी तो हक्क सांगत आला. मुलीने जाण्यास नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल पतीच्या बाजूने लागला. त्यानंतर लवकरच पटकीने तिचा मृत्यू झाला. रमाबाईंनी १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी ग्रंथात हा प्रसंग येतो, परंतु तेथे त्या बहीण म्हणत नाहीत, जवळची नातेवाईक म्हणतात. ती कृष्णाबाईच, असे अभ्यासक मानतात. हे अंतर राखणे अर्थपूर्ण आहे. मुलगा झाल्याचा आनंद आणि मुलगी झाल्याचा विषाद यांची चिकित्सा त्या ग्रंथात प्रारंभीच्या प्रकरणातच आहे, आणि ग्रंथ अर्पण केला आहे तो आईला.

कृष्णाबाईच्या अनुभवाने पोळलेल्या अनंतशास्त्र्यांनी रमेचा बालविवाह केला नाही. म्हणजे धाकटीला लाभलेल्या मोकळेपणाची किंमत थोरलीने चुकविली होती. चरित्रग्रंथांत पित्याच्या औदार्याचे गुणगान वाचताना ही बाजू नजरेआड होऊ नये.

आणखी एका बाबतीत मात्र मुलगा व मुलगी यांत काहीच भेद झाला नाही. शास्त्राखेरीज उपजीविकेचे कोणतेही साधन दोघांपैकी कोणालाही शिकविलेले नव्हते. दुष्काळात याची प्रचीती आली. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली. आईच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाई स्वतः पुढे झाल्या. उंची कमी पडल्याने त्यांनी भार डोक्यावर घेतला. जे काम परंपरेने पुत्राचे, ते लेकीने केले. शास्त्रचर्चा करून नव्हे, गरज पडली म्हणून.

बहीणभाऊ पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथे त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. विद्या दोघांची होती, गौरव मात्र विदुषी म्हणून बहिणीचा झाला. श्रीनिवास सोबती म्हणूनच इतिहासात उरले. १८८० साली ढाक्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ साली मेधावींचे निधन झाले.

पुण्यास आल्यावरचा सर्व इतिहास परिचित आहे : आर्य महिला समाज, ‘स्त्री धर्मनीति’, हंटर आयोगापुढील साक्ष, १८८३ मधील इंग्लंडप्रयाण व ख्रिस्ती धर्मस्वीकार, १८८९ मधील शारदा सदन, दुष्काळानंतरचे केडगावचे मुक्तिसदन. येथे त्यातील एवढेच नोंदवावयाचे, की केडगावात मुली केवळ वाचावयास शिकल्या नाहीत. छापखाना, विणकाम, शेती ही कामेही त्या करू लागल्या. आपल्या पित्याच्या शिक्षणात जी उणीव होती, ती भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

स्वतःच्या कन्येच्या संगोपनात रमाबाईंना वेगळाच संघर्ष करावा लागला. वाँटेज येथील भगिनींच्या मते मनोरमेचे धर्मशिक्षण त्यांच्या पद्धतीने व्हावयास हवे होते. आईचा आग्रह असा, की मुलीला काय शिकवावे हे आपण ठरवू. ज्यांचा आश्रय घेतला त्यांच्याशीच हा वाद पत्रांतून दीर्घकाळ चालला. मनोरमा इंग्लंड-अमेरिकेत शिकली, परतून आईच्या कार्यात तिने मोठा वाटा उचलला. २४ जुलै १९२१ रोजी तिचा मृत्यू झाला. त्या वेळी रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या.