गव्हर्नर टॉमस हचिन्सन

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास वाचतांना वॉशिंग्टन, फ्रँक्लिन आदि वीरांचीं नांवें पदोपदीं भेटतात. परंतु बोस्टन शहरानें ज्याचा अतोनात द्वेष केला, तो राजाचा अधिकारी कोणी परका इंग्रज नसून त्याच शहरांत वाढलेला गृहस्थ होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

टॉमस हचिन्सन याचा जन्म इ. स. १७११ मध्यें बोस्टन येथें एका सधन व्यापाऱ्याच्या घरीं झाला. सोळा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १७२७ सालीं, तो हार्वर्ड कॉलेजाचा पदवीधर झाला. पुढें लोकसभेंत निवडून आल्यावर त्यानें वसाहतींतील घसरत्या कागदी चलनाच्या जागीं चांदीचें नाणें आणविलें. व्यवहार सुधारला, पण कर्जदार वर्ग त्याजवर जो रुसला तो कायमचा. १७५८ त तो दुय्यम गव्हर्नर व १७६० त मुख्य न्यायाधीशही झाला. एकाच हातीं इतकी सत्ता लोकांच्या डोळ्यांत सलूं लागली, आणि ती तक्रार अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं.

१७६५ सालीं पार्लमेंटानें स्टँपाचा कर लादला. हा कर हितावह नाहीं असें हचिन्सनचें स्वतःचें मत होतें व तें त्यानें विलायतेस कळविलेंही होतें. मात्र कायदा झाला कीं तो पाळलाच पाहिजे, अशी त्याची निष्ठा. लोकांस ही निष्ठाच दिसली. २६ ऑगस्टच्या रात्रीं कुटुंब जेवावयास बसलें असतां दंगेखोर चालून आल्याची वार्ता आली. मुलांस दूर पाठवून आपण घरींच राहावें असा त्याचा निश्चय होता; परंतु वडील मुलगी बापाला सोडून जाईना, तेव्हां तिच्यासाठीं त्यानें घर सोडलें. पहाटेपर्यंत त्या सुंदर वाड्याच्या केवळ भिंती उरल्या. तो मॅसाचुसेट्सचा इतिहास लिहीत होता. त्याचा दुसरा भाग हस्तलिखितरूपांत होता, तो रस्त्यावरील चिखलांत फेंकला गेला. अँड्र्यू एलियट नामक पाद्र्यानें तीं पानें वेंचून आणून दिलीं, म्हणून १७६७ त तें पुस्तक निघूं शकलें.

१७७० च्या मार्चांत शिपायांच्या गोळीबारानें पांच माणसें मेलीं, तेव्हां सज्ज्यांत उभें राहून कायद्याप्रमाणें न्याय होईल असें वचन देऊन त्यानेंच जमाव शांत केला. पुढच्या वर्षीं तो गव्हर्नर झाला. १७७३ त त्याचीं खाजगी पत्रें छापलीं गेलीं आणि उरलासुरला विश्वास गेला. त्याच वर्षीं ईस्ट इंडिया कंपनीचा चहा आला. (हा चहा हिंदुस्थानचा नव्हे, चीनचा.) तो विकण्याचा मक्ता ज्यांस मिळाला, त्यांत हचिन्सनचे दोन मुलगे होते! जकात दिल्यावांचून गलबतें परत जाऊं देण्याचें त्यानें नाकारलें आणि १६ डिसेंबरच्या रात्रीं ३४२ पेट्या समुद्रांत गेल्या. येथें थोडें नमतें घेतलें असतें तर, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

जून १७७४ मध्यें तो विलायतेस गेला, तो परत आलाच नाहीं. ऑक्सफर्डनें त्यास सन्मानाची पदवी दिली, ती नेमकी ४ जुलै १७७६ रोजीं. त्याचें चित्त मात्र मिल्टन येथील आपल्या घराकडे व बागेकडे लागलेलें असे. तें घर सरकारजमा झालें. मुलगी पेगी व धाकटा मुलगा बिली यांचा अंत त्यास तेथेंच पाहावा लागला. ३ जून १७८० रोजीं, लंडन शहर दंग्यांनीं पेटलें असतां, त्याचें देहावसान झालें. क्रॉयडन येथें त्यास पुरलें.

त्याच्या इतिहासाचा तिसरा भाग १८२८ सालीं प्रसिद्ध झाला. चिखलाचे डाग पडलेलीं दुसऱ्या भागाचीं तीं पानें मॅसाचुसेट्सच्या दप्तरखान्यांत जपून ठेविलेलीं आहेत.