मुलांचे मित्र संत डॉन बॉस्को

३१ जानेवारी रोजी आपण संत जॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करतो. बेशिस्त मुलांना शिस्त कशी लावावी, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या जीवनातून दिले.

उत्तर इटलीतील बेक्की ह्या वाडीत १६ ऑगस्ट १८१५ रोजी त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच त्यांचे पितृछत्र हरपले. माता मार्गारेट ह्यांनी कष्टाने त्यांना वाढविले. नवव्या वर्षी त्यांना एक स्वप्न पडले. शिव्या देणाऱ्या मुलांवर ते ठोसे उगारून धावले, तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्यांना मुलांची मने सौम्यतेने जिंकावयास सांगितले.

१८४१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी ८ डिसेंबर रोजी तुरिन शहरात ते मिस्साची तयारी करीत होते. मिस्सासेवा येत नाही म्हणून चर्चच्या सेवकाने एका अनाथ, निरक्षर मुलाला मारून हाकलले. डॉन बॉस्को ह्यांनी त्याला परत बोलावून आपला मित्र म्हटले आणि मिस्सानंतर पहिला धर्मपाठ दिला. त्या मुलाचे नाव होते बार्थोलोम्यू गारेल्ली.

पुढे वाल्दोक्को येथे शेकडो मुले त्यांच्याभोवती जमली. खेळ, संगीत, नाटक आणि सहली ह्यांतून शिक्षण होऊ लागले. दशमान पद्धती नवी होती, तेव्हा १८४९ साली त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले व तोच विषय संवादरूपाने मुलांकडून रंगमंचावर सादर करविला. शिकण्यात रमलेल्या मुलांना गोंधळासाठी सवड उरत नसे.

१८५९ साली त्यांनी सलेशियन संघ स्थापिला आणि १८७७ साली आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धती लिहून काढली. विवेक, धर्म व वात्सल्य हे तिचे तीन आधार. मारहाण टाळावी, चूक चारचौघांत न दाखविता एकांतात समजवावी, असा त्यांचा आग्रह होता. १८८४ साली रोमहून पाठविलेल्या पत्रात त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांना सावध केले. ते मुलांसाठी राबत होते, परंतु मैदानावर त्यांच्यात मिसळेनासे झाले होते. आपल्यावर प्रेम केले जाते हे मुलांना जाणवलेही पाहिजे, हा त्या पत्राचा गाभा.

३१ जानेवारी १८८८ रोजी ते प्रभूकडे गेले. १९३४ साली त्यांना संतपद बहाल झाले. मुंबईत माटुंगा येथील त्यांच्या नावाची शाळा आपल्या परिचयाची आहे.

धर्मशिक्षणाच्या वर्गात वा घरी मुले ऐकेनाशी झाली की आपला आवाज चढतो. अशा वेळी आपण त्यांच्यासोबत किती वेळ घालविला, हे आधी तपासू या. संत डॉन बॉस्को, आमच्यासाठी विनंती करा.