दोन दरबारांचा आरोपी

१९२० सालची मॉस्कोमधली गोष्ट. ‘चेका’ या गुप्त पोलीस यंत्रणेचा सर्वेसर्वा फेलिक्स झेर्झिन्स्की रात्रीच्या वेळी एका कैद्याची जातीने चौकशी करीत होता. त्याच्यासमोर भल्याभल्यांची बोबडी वळे. या कैद्याने मात्र बचाव मांडण्याऐवजी आपला साम्यवादाला विरोध का आहे, हेच पाऊण तास समजावून सांगितले. झेर्झिन्स्कीने ते ऐकून घेतले, त्याला सोडून दिले आणि रात्र फार झाली म्हणून घरी पोचवण्याची व्यवस्थाही केली! हा कैदी म्हणजे तत्त्वचिंतक निकोलाय बेर्द्यायेव.

साम्यवाद आणि ख्रिस्ती धर्म हे एकमेकांचे हाडवैरी, असे आपण सहज म्हणून जातो. बेर्द्यायेव या दोन्ही घरांत राहिलेला माणूस. दोन्ही घरच्या कारभाऱ्यांनी त्याला आरोपी ठरवले, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची.

त्याचा जन्म १८७४चा, कीव्हजवळचा. घराणे सरदारी, परंपरा लष्करी. विद्यार्थिदशेत तो मार्क्सकडे ओढला गेला. १८९८ साली त्याला अटक झाली, विद्यापीठाची दारे बंद झाली आणि पुढे व्होलोग्दा येथे हद्दपारी वाट्याला आली. पण त्याचा मार्क्सवाद पक्षाच्या मापात बसणारा नव्हता. सत्य आणि नीती या वर्गाच्या हितसंबंधांतून जन्मतात, हे त्याला कधीच पटले नाही. हद्दपारीनंतरच्या काही वर्षांत तो ख्रिस्ताकडे वळला.

वळला, पण चर्चचा आज्ञाधारक झाला नाही. १९१३ साली ॲथोस पर्वतावरील काही रशियन भिक्षूंना पाखंडी ठरवून सैनिकांकरवी तेथून हलवण्यात आले. बेर्द्यायेवने धर्मसत्तेवर जळजळीत लेख लिहिला. धर्मनिंदेचा खटला गुदरला गेला. शिक्षा जन्मभर सायबेरिया! महायुद्ध आणि पाठोपाठ क्रांती आली, म्हणून तो खटला बारगळला.

क्रांतीनंतर नवे राज्यकर्ते आले. १९२२च्या सप्टेंबरात पेत्रोग्रादहून निघालेल्या जहाजातून इतर विचारवंतांबरोबर त्याचीही देशाबाहेर पाठवणी झाली. परत पाऊल टाकलेस तर गोळी, असे बजावूनच. बर्लिनमध्ये दोन वर्षे काढून १९२४ साली तो फ्रान्सला गेला आणि पॅरिसजवळच्या क्लामार गावी अखेरपर्यंत राहिला.

देश हिरावला गेलेल्या माणसाने साम्यवादाला शिव्याशाप दिले असते, तर नवल नव्हते. पॅरिसमधल्या रशियन निर्वासितांची तीच अपेक्षा होती. बेर्द्यायेवने ती पुरी केली नाही. १९३७ साली रशियन साम्यवादाच्या उगमावरचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्याने दाखवून दिले, की हा नास्तिक पंथ स्वतःच एक धर्म होऊन बसला आहे. त्याला स्वतःचे ग्रंथप्रामाण्य आहे, पाखंड्यांना शिक्षा आहेत आणि भविष्यातला स्वर्गही आहे. जगाचा उद्धार रशियाच्या हातून होणार, ही जुनी श्रद्धाच येथे लाल वस्त्रे नेसून आली आहे.

पण एवढे सांगून तो थांबला नाही. हा नवा धर्म फोफावला कशामुळे? बेर्द्यायेवच्या मते, ख्रिस्ताच्या अनुयायांनी न फेडलेल्या ऋणामुळे. गरिबाच्या न्यायाचा प्रश्न धर्माने परलोकावर ढकलला, राजसत्तेची पाठराखण केली आणि ती मोकळी जागा साम्यवादाने घेतली. माझी भूक ही पोटाची बाब असेल, पण शेजाऱ्याची भूक ही माझ्या आत्म्याची परीक्षा आहे, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ. साम्यवादाने ही भूक ओळखली, पण माणसाला समूहाच्या यंत्रातला खिळा केले, हा त्याचा आक्षेप. भाकरीसाठी स्वातंत्र्य गहाण टाकायला तो तयार नव्हता, आणि स्वातंत्र्याच्या नावाखाली उपासमार सोसायलाही नाही.

असा माणूस कोणाच्याच पंक्तीला बसत नाही. निर्वासितांतल्या उजव्यांना तो लालभाई वाटे, तर मॉस्कोला शत्रू. दुसऱ्या महायुद्धातील रशियाच्या विजयाने त्याच्या मनात मायदेशाविषयी आशा जागी केली होती, पण १९४६ साली आख्मातोवा आणि झोश्चेंको या साहित्यिकांवर सरकारी हल्ला झाला आणि ती मावळली. मार्च १९४८ मध्ये क्लामारच्या घरी, लिहिण्याच्या मेजाशीच त्याने प्राण सोडला.

१९९० साली त्याचे ते पुस्तक खुद्द सोव्हिएत रशियात छापले गेले. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघ इतिहासजमा झाला. दोन स्वप्नांपैकी एकाचा पराभव झाला, असे अनेकांनी जाहीर करून टाकले. शेजाऱ्याची भूक मात्र तेव्हाही शिल्लक होती, आणि आजही आहे. तिचे उत्तर मागणारा बेर्द्यायेव म्हणूनच विजेत्यांच्याही अडचणीचा ठरतो.