सात तारांचे व्हायोलिन घडवणारे म्हैसूर चौडय्या

बंगळुरूच्या मल्लेश्वरमलगतच्या व्यालिकावल भागात एक सभागृह आहे. त्याची इमारत भव्य व्हायोलिनच्या आकारात बांधली असून तारा, खुंट्या, घोडी आणि गज या सर्वांचा आभास तिच्या रचनेत साधला आहे. नाटके, नृत्याचे कार्यक्रम, संगीत सभा आणि शाळांची स्नेहसंमेलने तेथे वर्षभर सुरू असतात. १९८० मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूचे नाव चौडय्या स्मारक सभागृह. ज्यांच्या स्मरणार्थ ती उभी राहिली, ते तिरुमकुडलु चौडय्या हे कर्नाटक संगीतातील विसाव्या शतकातील अग्रगण्य व्हायोलिनवादक होत. चार तारांच्या व्हायोलिनवर आणखी तीन तारा चढवण्याचे धाडस त्यांनी केले आणि संगीताच्या इतिहासात आपले वेगळे स्थान निर्माण केले.

चौडय्या यांचा जन्म १८९५ मध्ये तत्कालीन म्हैसूर संस्थानातील तिरुमकुडलु नरसीपूर येथे झाला. म्हैसूर शहरापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावरील हे गाव कावेरी आणि कपिला, म्हणजेच काबिनी, या नद्यांच्या संगमावर वसले आहे. स्फटिक सरोवर हा तिसरा, अदृश्य प्रवाहही येथे मिळतो अशी श्रद्धा असल्याने या स्थानाला त्रिमकुट क्षेत्र म्हटले जाते. पुढे संगीतरचना करताना चौडय्यांनी त्रिमकुट हीच आपली नाममुद्रा ठेवली. जन्मगावाशी असलेला हा धागा त्यांनी अखेरपर्यंत जपला.

संगीताच्या शिक्षणासाठी ते म्हैसूरला आले आणि १९१० मध्ये बिडारम कृष्णप्पा यांचे शिष्य झाले. कृष्णप्पा हे म्हैसूर दरबारातील नामवंत गायक होते आणि शिस्तीबाबत अत्यंत कडक म्हणून ओळखले जात. गुरुगृही राहून विद्या संपादन करण्याची पद्धत तेव्हा प्रचलित होती. घरकाम, गुरुसेवा आणि पहाटेपासूनचा रियाज हा शिष्याचा दिनक्रम असे. चौडय्यांनी १९१८ पर्यंत अशी आठ वर्षे काढली. गुरू गायक आणि शिष्य वादक असल्याने त्यांच्या वादनाला गायकीचा पाया मिळाला. कृतीचे बोल, त्यांचा अर्थ आणि शब्दांवरील श्वासाची जागा यांची जाण त्यांच्या गजात उतरली. साथसंगतीत याचा त्यांना मोठा उपयोग झाला.

व्हायोलिन हे मूळचे युरोपीय वाद्य. दक्षिण भारतात ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजले. मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर आणि तंजावर बंधूंपैकी वडिवेलु यांना या कार्याचे श्रेय दिले जाते. मराठी वाचकांना जवळची वाटावी अशी बाब म्हणजे, तंजावर बंधू ज्या दरबाराच्या आश्रयाने वाढले तो दरबार भोसले घराण्यातील राजे सरफोजी दुसरे यांचा होता. पाश्चात्त्य वाद्यांबद्दल या दरबारात विशेष कुतूहल होते. त्यानंतर जेमतेम शंभर वर्षांत व्हायोलिन कर्नाटक संगीताचा अविभाज्य भाग बनले.

भारतात आल्यावर या वाद्याची बैठक बदलली. युरोपात वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून, वाद्य हनुवटीखाली धरून वाजवतो. कर्नाटक संगीतातील वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे डोके उजव्या पावलाच्या घोट्यावर टेकवतो आणि दुसरे टोक छातीशी किंवा खांद्याशी धरतो. त्यामुळे डावा हात मोकळा होतो आणि गमकांसाठी तारेवरून सहज सरकू शकतो. तारा मिळवण्याची पद्धतही बदलली. चार तारा अनुक्रमे मंद्र षड्ज, मंद्र पंचम, मध्य षड्ज आणि मध्य पंचम या स्वरांत लावल्या जाऊ लागल्या. वाद्याचा देह मात्र तोच राहिला. युरोपातील बंदिस्त दालनांसाठी घडवलेले हे वाद्य आता देवळांच्या प्रांगणात आणि लग्नाच्या मांडवात वाजू लागले.

चौडय्या मैफलींत साथ करू लागले तेव्हा ध्वनिक्षेपकाचा प्रसार झालेला नव्हता. गायकांचे आवाज कमावलेले असत. खुल्या मांडवात शेकडो श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याचे सामर्थ्य त्यांच्यात असे. मृदंगाचा नादही दूरवर जात असे. व्हायोलिन मात्र मागच्या रांगांपर्यंत पोहोचताना क्षीण होई. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने खाली येते. मांडवात भिंती नसल्यामुळे परावर्तित नादाचा आधारही मिळत नसे. पहिल्या रांगेतील श्रोत्याला सुस्पष्ट ऐकू येणारा आलाप मागे बसलेल्याला जेमतेम जाणवत असे.

ही अडचण किरकोळ नव्हती. कर्नाटक मैफलीत व्हायोलिनवादक गायकामागे सावलीसारखा चालतो आणि रागालाप, निरवल व कल्पनास्वर यांत त्याला स्वतंत्र वाटाही मिळतो. गायक थांबला की मैफल काही काळ त्याच्या हाती असते. त्या वेळी वाद्य ऐकूच आले नाही, तर श्रोत्यांच्या दृष्टीने मैफलीत पोकळी निर्माण होते आणि साथीदाराच्या विद्वत्तेची पारख होत नाही. साथीदाराचे स्थान आणि त्याची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी आवाजाच्या पोहोचीशी जोडलेल्या होत्या.

चौडय्यांनी या प्रश्नाचे उत्तर वाद्याच्या रचनेत शोधले. १९२७ च्या सुमारास त्यांनी सात तारांचे व्हायोलिन सिद्ध केले. मूळच्या चार तारा कायम ठेवून त्यांनी तीन तारांना प्रत्येकी एक जोडीदार तार दिली. गजाच्या एकाच फेऱ्यात जोडीतील दोन्ही तारा बोलाव्यात आणि नाद भरीव व्हावा, अशी त्यामागची कल्पना होती.

कागदावर सोपा वाटणारा हा बदल वाद्याच्या दृष्टीने गुंतागुंतीचा होता. व्हायोलिनच्या चार तारांचा एकत्रित ताण सुमारे २२ ते २५ किलोग्रॅम असतो. त्यातील बराचसा भार घोडीवरून खाली पातळ लाकडी पृष्ठभागावर येतो. आतील नादस्तंभ आणि आधारपट्टी हा भार पेलतात. चारऐवजी सात तारा लावल्यावर हा ताण दीडपटीहून अधिक होतो. घोडीवर सात खाचा कराव्या लागतात, खुंट्यांची पेटी मोठी करावी लागते आणि मानेचा देहाशी असलेला सांधाही तितकाच भक्कम असावा लागतो. मान किंचित जरी पुढे झुकली तरी तारा पट्टीपासून दूर जातात आणि सूर बिघडतो.

तंतुवाद्यांच्या जगात मान आणि देह यांच्या सांध्याचा हा प्रश्न सर्वत्र आढळतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील खर्जाचे मोठे वाद्य डबल बास हेही मोठ्या बँडच्या गोंगाटात बुडून जात असे. तेथे उपाय सापडला तो विजेत. अमेरिकेत १९३० च्या दशकात पॉल टटमार्क यांनी विद्युत बास बनवला. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांचा बास गिटार बाजारात आला, त्याची मान देहाला स्क्रूने जोडलेली होती. १९५७ मध्ये रिकनबॅकर कंपनीच्या बास गिटारमध्ये डोक्यापासून शेपटापर्यंत एकच अखंड मान ठेवून देहाचे भाग तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवण्यात आले. तारांचा सारा ताण त्या अखंड मानेवर आल्याने सांध्याची चिंता मिटली. आज हौशी कारागीर घरच्या कार्यशाळेत गिटार घडवताना हीच पद्धत वापरतात.

चौडय्यांपुढे हा मार्ग नव्हता. विद्युत गिटारचा नाद तारांखालील चुंबकीय यंत्रणेतून निघतो, त्यामुळे तिचा देह भरीव असला तरी चालते. व्हायोलिनचा नाद मात्र पोकळ देहाच्या कंपनांतून निर्माण होतो. त्यात जाड लाकूड घातले तर वाद्य मजबूत होईल, पण मुके पडेल. म्हणून नाजूक देह तसाच ठेवून त्यावर अधिक तारांचा भार टाकणे आणि तरीही तो बोलता ठेवणे, ही तारेवरची कसरत होती.

वाजवणाऱ्यासाठीही हे वाद्य सोपे नव्हते. जोडीतील दोन्ही तारा एकाच बोटाखाली अचूक दाबल्या गेल्या पाहिजेत. एक तार किंचित उतरली तरी बेसूरपणा तत्काळ कानी येतो. गजावर अधिक जोर लागतो आणि गमक घेताना बोटाला दोन तारांचा विरोध जाणवतो. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ध्वनिशक्ती दुप्पट झाली तरी पातळीत वाढ होते ती केवळ सुमारे ३ डेसिबलची. त्यामुळे या वाद्याचे सामर्थ्य केवळ आवाजाच्या वाढीत नव्हते. जोडतारांमुळे नादाला जो भरीवपणा आणि धार आली, तिच्यामुळे व्हायोलिन इतर वाद्यांतून वेगळे ऐकू येऊ लागले.

या प्रयोगाचे सर्वांनी स्वागत केले असे नाही. व्हायोलिनचा मूळचा मुलायम नाद यात हरवतो, असे काही रसिकांना वाटत असे. सात तारा मिळवण्यात वेळ जातो, हाही आक्षेप होता. चौडय्या मात्र आपल्या वाद्यावर ठाम राहिले. त्यांचा दीर्घ, दमदार गज आणि सुरेलपणावरील हुकमत यांमुळे हे अवघड वाद्य त्यांच्या हाती वश झाले. द्वारम वेंकटस्वामी नायडू आणि कुंभकोणम राजमाणिक्यम पिळ्ळै यांच्यासह त्यांची गणना त्या काळातील व्हायोलिनवादकांच्या त्रयीत होऊ लागली.

अरियाकुडी रामानुज अय्यंगार, मुसिरी सुब्रमण्य अय्यर, जी. एन. बालसुब्रमण्यम अशा श्रेष्ठ गायकांना त्यांनी साथ केली. चेंबै वैद्यनाथ भागवतर यांच्याशी त्यांची जोडी विशेष गाजली. चेंबै यांचा आवाज घणघणीत होता आणि त्याच्या तोडीस तोड साथ करण्यास सात तारांचे व्हायोलिन समर्थ होते. पालघाट मणी अय्यर मृदंगावर असले की या तिघांची मैफल रसिकांसाठी पर्वणी ठरे. या साथीची काही ध्वनिमुद्रणे आजही ऐकायला मिळतात.

म्हैसूर दरबारानेही त्यांना विद्वान म्हणून मान दिला. वादनापुरते त्यांचे कार्य मर्यादित नव्हते. संगीतशिक्षणासाठी त्यांनी म्हैसूरमध्ये अय्यनार संगीत विद्यालय चालवले. १९४३ मध्ये प्रदर्शित झालेल्या वाणी या कन्नड चित्रपटाच्या निर्मितीतही त्यांचा सहभाग होता. १९५७ हे वर्ष त्यांच्यासाठी गौरवाचे ठरले. त्या वर्षी मद्रासच्या म्युझिक अकादमीने त्यांना संगीत कलानिधी हा सर्वोच्च सन्मान दिला आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना मिळाला.

दरम्यान, ज्या अडचणीतून सात तारांचे व्हायोलिन जन्मले, ती अडचणच हळूहळू नाहीशी होत होती. १९३५ मध्ये म्हैसूरचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला आकाशवाणी हे नाव दिले. पुढे राष्ट्रीय प्रसारण सेवेनेही हेच नाव स्वीकारले. नभोवाणीच्या स्टुडिओत मायक्रोफोनसमोर बसलेल्या वादकाला मागच्या रांगेची चिंता करावी लागत नव्हती. सभागृहांतही ध्वनिक्षेपक आले. चार तारांचे साधे व्हायोलिन हजारो श्रोत्यांना सहज ऐकू येऊ लागले.

त्यामुळे चौडय्यांचे वाद्य सार्वत्रिक झाले नाही. पुढच्या पिढीतील बहुसंख्य वादकांनी चार तारांचेच व्हायोलिन हाती ठेवले. आवाजाच्या पोहोचीचे उत्तर विजेने दिल्यावर अतिरिक्त तारांचा भार सोसण्याचे कारण उरले नाही. असे असले तरी चौडय्यांच्या प्रयोगाचे मोल कमी होत नाही. साथीदाराचे वादन शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोहोचलेच पाहिजे, हा आग्रह त्यांनी यंत्रसाहाय्य नसलेल्या काळात धरला आणि त्यासाठी आपले वाद्य व आपली बोटे दोन्ही नव्याने घडवली.

१९ जानेवारी १९६७ रोजी चौडय्या यांचे निधन झाले. त्यानंतर तेरा वर्षांनी, के. के. मूर्ती यांच्या पुढाकाराने आणि अकादमी ऑफ म्युझिक या संस्थेच्या माध्यमातून, बंगळुरूमध्ये त्यांचे स्मारक सभागृह साकार झाले. कर्नाटक सरकारही त्यांच्या नावाने संगीतक्षेत्रातील राष्ट्रीय पुरस्कार देते. व्यालिकावलच्या या वास्तूत ध्वनिक्षेपण यंत्रणेमुळे आज प्रत्येक स्वर शेवटच्या रांगेतही स्पष्ट ऐकू येतो.