ई. कोलायमधला ‘ई’ म्हणजे कोण? बाळांच्या पोटातले जिवाणू शोधणाऱ्या डॉक्टरची गोष्ट

वॉटर प्युरिफायरची जाहिरात किंवा पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट पाहिला असेल, तर ई. कोलाय हे नाव तुमच्या नजरेखालून नक्की गेलं असेल. पाण्यात हा जिवाणू सापडला म्हणजे त्यात मैला मिसळलाय, असा अर्थ काढतात. पण हा जिवाणू पहिल्यांदा पाण्यात सापडला नव्हता. तो सापडला तान्ह्या बाळांच्या शीमध्ये. शोधणारे होते जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश. ‘ई’ हे अक्षर त्यांच्याच आडनावाचं. आज बाळांसाठी जे प्रोबायोटिक ड्रॉप्स मिळतात, त्यांची मुळंही त्यांच्या कामापर्यंत जातात.

डॉक्टरचा मुलगा

एशेरिश यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८५७ रोजी बव्हेरियातल्या आन्सबाख गावी झाला. वडील डॉक्टर होते. आई थिओडोर लहान असतानाच गेली. मुलगा चांगलाच खोडकर होता, म्हणून त्याला जेझुइटांच्या निवासी शाळेत धाडण्यात आलं. पुढे त्यांनी वैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि १८८१ मध्ये ते वुर्झबर्गमधून डॉक्टर होऊन बाहेर पडले.

तो काळ जंतुशास्त्राच्या धडाक्याचा होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ च्या सुरुवातीला आपल्या कोलकात्यात बसून कॉलऱ्याच्या जंतूवरचं काम पुरं केलं. त्याच वर्षी इटलीतल्या नेपल्समध्ये कॉलरा पसरला आणि तरुण एशेरिश तिथे अभ्यासाला गेले. परत आल्यावर म्युनिकमध्ये त्यांनी कॉख यांच्या पद्धती शिकून घेतल्या.

शी तपासणारा डॉक्टर

तेव्हा युरोपात तान्ही मुलं जुलाबाने पटापट दगावत. उन्हाळ्यात तर जास्तच, आणि त्यातही बाटलीचं दूध पिणारी. कारण काय, ते कुणाला नीट सांगता येत नव्हतं. एशेरिश यांनी विचार केला की आजारी पोट समजून घ्यायचं, तर आधी निरोगी बाळाच्या पोटात काय असतं ते कळायला हवं. त्यामुळे त्यांनी सुरुवात निरोगी बाळांपासून केली.

त्यांच्याकडे साधनं मोजकीच होती. एक सूक्ष्मदर्शक. हान्स क्रिस्तियान ग्राम यांनी १८८४ मध्येच काढलेली जिवाणू रंगवण्याची नवी पद्धत, जी आजही प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबमध्ये वापरतात. आणि जिलेटिनच्या घट्ट थरावर जिवाणू पसरून एकेक जात वेगळी वाढवण्याची कॉख यांची युक्ती.

जन्मानंतरची पहिली काळपट-हिरवी शी त्यांनी तपासली, तर सुरुवातीला तिच्यात जिवाणू सापडले नाहीत. काही तासांतच मात्र ते दिसू लागले. म्हणजे हे पाहुणे बाळाच्या पोटात बाहेरून येतात. बाळ फक्त आईच्या दुधावर आलं की पोटातली वस्ती बदलते आणि मोजक्याच जाती उरतात. यातल्या एका दांड्यासारख्या जिवाणूला त्यांनी बॅक्टेरियम कोलाय कम्युन असं नाव दिलं. कोलाय म्हणजे मोठ्या आतड्यातला, कम्युन म्हणजे सर्रास आढळणारा. हे संशोधन त्यांनी १८८५ मध्ये मांडलं, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी बाळांच्या आतड्यातले जिवाणू आणि पचन यांवर त्यांचं आख्खं पुस्तक आलं.

हाच जिवाणू लहान मुलींच्या मूत्राशयात शिरला की आजार करतो, हेही पुढे त्यांनीच दाखवलं. एकच जिवाणू एका जागी निरुपद्रवी आणि दुसऱ्या जागी त्रासदायक असू शकतो, ही गोष्ट आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जे त्यांना दिसलं नाही

गंमत म्हणजे, आईचं दूध पिणाऱ्या बाळांच्या पोटात सगळ्यात जास्त असणारा गट एशेरिश यांच्या हाती नीट लागलाच नाही. कारण तांत्रिक होतं. त्या जिवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही, त्यामुळे उघड्या हवेत ते वाढत नाहीत. १८९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या हेन्री टिसिये यांनी हवा वगळून हे जिवाणू वाढवले. त्यांची टोकं इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभागलेली होती. यांनाच आज आपण बिफिडोबॅक्टेरियम म्हणतो.

दुसरा धागा थेट एशेरिश यांच्या घरचा. १८९० मध्ये ते ऑस्ट्रियातल्या ग्राझला प्राध्यापक झाले. तिथला त्यांचा विद्यार्थी एर्न्स्ट मोरो याने १९०० मध्ये बाळांच्या शीतूनच ॲसिडोफिलस हा जिवाणू वेगळा केला. प्रोबायोटिकच्या कुठल्याही डबीवर पाहा, ही दोन नावं बहुतेक वेळा सापडतील.

व्हिएन्ना आणि शेवट

१९०२ मध्ये ते व्हिएन्नाच्या सेंट ॲना बालरुग्णालयात आले. आता त्यांचा जोर प्रयोगशाळेबाहेरही होता. तान्ह्या बाळांचे मृत्यू रोखण्यासाठी त्यांनी संस्था उभी केली, आईच्या दुधाचा प्रचार केला आणि ते शक्य नसेल तिथे स्वच्छ दूध पोचवण्याची खटपट केली. दुसऱ्यांची मुलं वाचवण्यासाठी झटणाऱ्या या डॉक्टरचा स्वतःचा मुलगा लिओ मात्र वयाच्या दहाव्या वर्षी अपेंडिक्सच्या आजाराने गेला. तरीही त्यांचं काम चालूच राहिलं.

१५ फेब्रुवारी १९११ रोजी एशेरिश वारले. वय फक्त ५३. त्यानंतर आठ वर्षांनी, १९१९ मध्ये, त्यांच्या सन्मानार्थ या जिवाणूला एशेरिशिया कोलाय हे नाव सुचवण्यात आलं. १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी याच जिवाणूकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं. बाळाच्या लंगोटातला जिवाणू जैवतंत्रज्ञानाचा कामगार झाला!

मग बाळाला ड्रॉप्स द्यायचे का?

आज आपल्याला एशेरिश यांच्यापेक्षा बरंच जास्त दिसतं. डीएनए वाचून न वाढणारे जिवाणूही ओळखता येतात. आईच्या दुधात बाळाला स्वतःला न पचणाऱ्या काही साखरा असतात आणि त्या बिफिडोबॅक्टेरियमचं खाद्य असतात, हेही कळलंय.

ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लॅक्टोबॅसिलस प्लँटारमची एक ठराविक जात आणि तिचं खाद्य दिल्यावर रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. पण हा निकाल त्याच जातीचा आहे. त्यावरून दुकानातली प्रत्येक डबी तसंच काम करेल असं म्हणता येत नाही. शिवाय यात खूप कमी दिवसांची किंवा अगदी कमी वजनाची बाळं नव्हती. अशा बाळांच्या रक्तात प्रोबायोटिकमधलेच जिवाणू शिरून जीवघेणा संसर्ग होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये दिला.

त्यामुळे घरात, शेजारी किंवा नात्यात तान्हं बाळ असेल, तर रील पाहून ड्रॉप्स ऑर्डर करू नका. डबीवर जिवाणूची नेमकी जात आणि तिचा क्रमांक दिलाय का ते पाहा, आणि ती डबी बाळाच्या डॉक्टरांना दाखवा. बाळ कमी दिवसांचं असेल, तर हा निर्णय पूर्णपणे त्यांच्यावरच सोडा. आणि आईचं दूध व स्वच्छ हात या दोन गोष्टी एशेरिश यांच्या काळात जितक्या मोलाच्या होत्या, तितक्याच आजही आहेत.