हिमशिखरांचा वाटसरू : संत पिएर जॉर्जो फ्रासाती

दर वर्षी ४ जुलै रोजी ख्रिस्तसभा ज्यांचा सण साजरा करते ते संत पिएर जॉर्जो फ्रासाती धर्मगुरू नव्हते, मठवासीही नव्हते. ते अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, गिर्यारोहक होते आणि हिवाळ्यात पायांना स्कीच्या लांब लाकडी पट्ट्या बांधून आल्प्स पर्वताच्या बर्फातून वाट काढणारे धट्टेकट्टे खेळाडू होते. अशा बलदंड देहाच्या तरुणाला वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी सहा दिवसांच्या आजाराने नेले. त्या सहा दिवसांत त्यांनी जे केले ते समजून घेण्यासाठी त्यांच्या जीवनाकडे वळू या.

पिएर जॉर्जो यांचा जन्म ६ एप्रिल १९०१ रोजी, पवित्र शनिवारी, इटलीतील तुरीन शहरी झाला. वडील आल्फ्रेदो हे ‘ला स्ताम्पा’ या प्रख्यात दैनिकाचे मालक-संपादक. पुढे ते सिनेटर झाले आणि जर्मनीत इटलीचे राजदूतही. आई आदेलाइदे चित्रकार होत्या. घरी संपत्ती होती, प्रतिष्ठा होती. मात्र वडिलांना श्रद्धेचे सोयरसुतक नव्हते आणि आई-वडिलांच्या संसारात सलोखाही नव्हता. शाळेत लॅटिनमध्ये नापास झाल्यामुळे पिएर जॉर्जो यांना येशूसंघीयांच्या विद्यालयात घालण्यात आले. हे अपयश त्यांच्या जीवनात कृपादान ठरले. तेथेच त्यांना नित्य ख्रिस्तप्रसाद घेण्याची गोडी लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

१९१८ साली त्यांनी तुरीनच्या तंत्रशास्त्र महाविद्यालयात प्रवेश घेतला. खाणकामाशी निगडित अभियांत्रिकी त्यांनी हेतुपुरस्सर निवडली, कारण खाणकामगारांमध्ये राहून ख्रिस्ताची सेवा करावी असा त्यांचा मानस होता. याच सुमारास ते सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सदस्य झाले. २८ मे १९२२ रोजी त्यांनी संत दोमिनिक यांच्या तिसऱ्या संघात, म्हणजे प्रापंचिकांच्या शाखेत, प्रवेश केला. राजकारणापासूनही ते अलिप्त राहिले नाहीत. फासिस्टांना त्यांचा उघड विरोध होता. १९२४ साली फासिस्ट गुंड घरात घुसले तेव्हा त्यांनी त्यांना हिमतीने पिटाळून लावले.

पर्वत हा त्यांच्या आनंदाचा ठेवा होता. ते इटालियन गिर्यारोहण मंडळाचे आणि ‘जोवाने मोंताग्ना’ या कॅथलिक गिर्यारोहक संघटनेचे सदस्य होते. आपणां किनारपट्टीच्या रहिवाशांना बर्फ परका आहे, म्हणून थोडे सांगणे आवश्यक वाटते. स्कीवरून उतार घसरत येण्यात मौज असते. परंतु त्या काळी माथ्यावर पोहोचवणाऱ्या आजच्यासारख्या सोयी नव्हत्या. आधी चढण स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या श्वासाने जिंकावी लागे. पाय, पाठ आणि छाती यांचा कस लागे. त्या सामर्थ्याचे दान त्यांना भरभरून लाभले होते. मे १९२४ मध्ये त्यांनी मित्रमैत्रिणींची एक थट्टेखोर मंडळी स्थापन केली. पहाडावर जाताना हास्यविनोद चाले, पण मिस्सा आणि प्रार्थना चुकत नसे.

हेच पाय इतर दिवशी तुरीनच्या गलिच्छ वस्त्यांचे जिने चढत. औषधे, अन्न, कपडे, लाकूडफाटा घेऊन ते गरिबांच्या दारी जात. प्रवासाचे पैसे वाटून टाकल्यामुळे अनेकदा त्यांना घरी धावत यावे लागे. जेवणाला उशीर झाला की बोलणी बसत, पण कारण ते सांगत नसत. घरच्यांना हा मुलगा जरा अव्यवहारी वाटे.

३० जून १९२५ च्या सुमारास त्यांचे डोके आणि पाठ दुखू लागली. त्याच वेळी घरी त्यांची आजी मृत्युशय्येवर होती. सर्वांचे लक्ष तिच्याकडे असल्याने त्यांनी आपले दुखणे पुढे केले नाही. १ जुलै रोजी आजी निवर्तली. घरच्यांच्या ध्यानात येईपर्यंत पोलिओने त्यांच्या शरीराचा ताबा घेतला होता. शिखरे चढलेले पाय निर्जीव झाले. गरिबांच्या सेवेतूनच हा रोग जडला असावा, असे डॉक्टरांचे मत होते. मृत्यूच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्यांनी एका सहकाऱ्यासाठी कशीबशी चिठ्ठी लिहिली. एका गरीब रुग्णाची इंजेक्शने पोहोचवावीत आणि दुसऱ्या एकाच्या गहाणवटीची मुदत आपल्या खर्चाने वाढवून घ्यावी, एवढाच तिचा आशय होता. शनिवारी, ४ जुलै रोजी संध्याकाळी त्यांनी प्राण सोडला. पदवीसाठी दोनच परीक्षा उरल्या होत्या.

अंत्ययात्रेच्या दिवशी तुरीनचे रस्ते गोरगरिबांनी भरून गेले. आपला मुलगा एवढ्या लोकांचा आधार होता, हे आई-वडिलांना त्या दिवशी कळले. आणि त्या गरिबांपैकी कित्येकांना तो एवढ्या मोठ्या घराण्यातला होता, हेही तेव्हाच कळले!

स्वतः स्की करणारे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २० मे १९९० रोजी त्यांना धन्य घोषित केले. पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत कार्लो अकुतिस यांच्यासमवेत त्यांना संतपद दिले. त्यासाठी ग्राह्य धरलेला चमत्कारही एका खेळाडू शरीराचा होता. अमेरिकेतील एका गुरुविद्यार्थ्याचा बास्केटबॉल खेळताना टाचेवरचा स्नायुबंध फाटला होता. पिएर जॉर्जो यांच्या मध्यस्थीने प्रार्थना केल्यावर तो बरा झाला.

आजारपणात आपण सारे स्वतःपुरते उरतो. आपले दुखणे, आपले औषध, आपली गैरसोय यांपलीकडे दृष्टी जात नाही. पिएर जॉर्जो यांच्या बाबतीत देह थकला तेव्हाही सेवेची सवय थकली नाही. ती शेवटच्या आठवड्यात अचानक आली नव्हती. निरोगी असताना, आनंदात असताना, जिने चढता चढता ती अंगी मुरली होती. संत पौलाने श्रद्धेच्या जीवनाला धाव म्हटले आहे. ही धाव बिछान्यावर पडूनही पूर्ण करता येते, हे या तरुणाने दाखवून दिले.

आपल्या अनेक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सदस्य आजही शांतपणे घरोघर जात असतात. त्यांच्यात तरुण चेहरे थोडे दिसतात, ही खंत आम्ही बोलून दाखवितो. मैदाने गाजविणाऱ्या आणि सह्याद्रीचे गड चढणाऱ्या आमच्या युवक-युवतींनी या संताशी मैत्री करावी. आणि ज्यांना आजाराने घरी बसविले आहे, त्यांनीही आपल्याहून गरजू अशा एखाद्याचे नाव आजच्या प्रार्थनेत घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

संत पिएर जॉर्जो, आम्हांसाठी विनंती करा.