पुस्तकांचे घर उभारणारे फादर हेरास



मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेन्री हेरास यांच्या नावाची एक संस्था आहे. येशूसंघाच्या या धर्मगुरूंची आज आपण ओळख करून घेऊ या.

फादर हेरास यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजी स्पेनमधील बार्सिलोना येथे झाला. १९२२ साली ते मिशनरी म्हणून मुंबईला आले. कॉलेजात त्यांना इतिहास शिकवायचा होता. आपल्याला युरोपचा इतिहास येतो, भारताचा येत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि भारताचाच इतिहास शिकवायचे ठरवले, असे सांगतात. तेव्हा त्यांचे वय ३४ होते. या वयात ते पुन्हा विद्यार्थी झाले.

शिकायचे तर पुस्तके हवीत. म्हणून १९२६ साली त्यांनी कॉलेजात इतिहास संशोधन संस्था सुरू केली व तिच्यासाठी ग्रंथालय उभारले. देशभर हिंडून पुस्तके, जुनी नाणी आणि मूर्ती जमवल्या. या देशाचा इतिहास इथल्याच तरुणांनी मूळ साधने पाहून लिहावा, ही त्यांची तळमळ होती. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराईस यांनी कदंब राजघराण्यावर ग्रंथ लिहिला.

पुढे फादरांनी सिंधू संस्कृतीची लिपी वाचण्यासाठी अनेक वर्षे कष्ट घेतले. त्यांनी लावलेला अर्थ विद्वानांनी स्वीकारला नाही. पण त्यांनी जमवलेली पुस्तके मात्र पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडली.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. १४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबईतच ते देवाघरी गेले. त्यानंतर संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९८१ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आपण नागोठणेकर अंबा नदीवरचा जुना दगडी पूल रोज पाहतो. कोर्लईच्या किल्ल्याखाली आपलेच ख्रिस्ती बांधव राहतात. त्यांचा इतिहास मुलांनी विचारला, तर आपल्याला किती सांगता येईल? येत नाही, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. फादर हेरास यांनी तिथूनच सुरुवात केली होती. आपणही या आठवड्यात मुलांसोबत एक तरी पुस्तक उघडू या. शिकण्याची नम्रता प्रभू आपल्याला देवो.